जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार

श्रोतेहो, भंगाराच्या तराजूंत लोखंडाचें वजन होतें, आठवणींचें होत नाहीं. पुण्यास कर्वेनगरांत श्री. विक्रम पेंडसे यांनीं जुन्या सायकलींचें संग्रहालय उभारिलें आहे. तेथें दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या सुमारास, हवाई छत्रीनें उतरणाऱ्या सैनिकांसाठीं बी. एस. ए. कंपनीनें काढलेली घडीची सायकल आहे. चौकटीवरील दोन पाकळीदार चाक्या सैल केल्या कीं ती मधोमध दुमडते.

अशी एखादी जुनी सायकल हातीं आल्यास प्रथम चौकटीवरील क्रमांक वाचावा. त्यावरून तिचा काळ बहुधा कळतो. गंजलेली चाकी बळानें फिरवूं नये, तींत तेल मुरूं द्यावें. मूळ रंग खरवडूं नये; रंग गेला कीं पुरावाच गेला. झिजलेले छर्रे व ब्रेकचीं रबरें मात्र निःसंकोच बदलावीं. आमच्या ईटच्या आसपास बालाघाटाचे उतार आहेत. तेथें जुनेपणाचा अभिमान चाक थांबवीत नाहीं. जें केवळ पाहावयाचें तें जुनें राखावें, ज्यावर प्राण अवलंबून तें नवें करावें, हाच या जीर्णोद्धाराचा नियम होय. माळ्यावरची वडिलांची सायकल विकण्यापूर्वीं, श्रोतेहो, एवढें ध्यानांत ठेवा.