निवृत्तीनंतर छोटी रेल्वे

निवृत्त झालेली काही मंडळी झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, म्हणून माझ्याकडे येतात. तपासणीत दोष आढळला नाही की मी विचारतो, ‘‘दिवसभर करता काय?’’ उत्तर येत नाही. अशांना मी छोट्या रेल्वेचा छंद सुचवतो. भोर घाटातून गाडी १८६३ साली वर आली. कुसगावकरांना रेल्वेची ओढ शिकवावी लागत नाही.

आधी पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ साली सुरू केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहावे. मग ‘एचओ’ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाचे, एक इंजिन, दोन डबे व गोल रूळ एवढ्यावर सुरुवात करावी. ती गाडी १२ व्होल्टवर चालते.

टेबल कमरेइतके उंच असावे, उजेड भरपूर असावा. अर्ध्या तासाने उठून फिरावे. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवावी. त्या धुराने दमा बळावतो. शिसे पोटात जाऊ नये म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत. सुटे भाग लहान नातवंडांपासून दूर ठेवावेत.

मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर छंदावर विसंबू नये. डॉक्टरांना अवश्य भेटावे.