तरुणांची संघटना कशाने फुटते?

समाजवाद्यांच्या संघटना तात्त्विक मतभेदांमुळे फुटतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. मतभेद कोठे नसतात? बोनसच्या प्रश्नावर एकाच कारखान्यात चार तट पडतात, तरी युनियन टिकते. मतभेद झाल्यावर वागायचे कसे, याची रीत जेथे घालून दिलेली नसते ते घर फुटते, हे आमचे म्हणणे आहे. उदाहरण मुद्दाम दूरचे, अमेरिकेतले घेतो. जवळचे घेतले की श्रोते आधी आपला पक्ष कोणता ते पाहतात आणि मग ऐकतात.

अप्टन सिंक्लेअर, जॅक लंडन आदी मंडळींनी १९०५ साली न्यूयॉर्कमध्ये महाविद्यालयीन तरुणांना समाजवादाची ओळख करून देणारी एक संस्था काढली. १९२१ मध्ये तिचे नाव ‘लीग फॉर इंडस्ट्रियल डेमॉक्रसी’ झाले. या लीगची विद्यार्थी शाखा १९३५ मध्ये कम्युनिस्टांच्या प्रभावाखालील विद्यार्थी संघटनेशी एक झाली. फॅसिझमविरुद्ध एकजूट हा त्या एकीचा पाया. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर-स्टालिन करार झाला तसा पाया खचला, आणि दोनेक वर्षांत ती संयुक्त संघटना संपली. लीगची वडीलधारी मंडळी या अनुभवाने पोळली. महायुद्धानंतर त्यांनी शाखा पुन्हा उभी केली ती कम्युनिस्टांना आत घ्यायचे नाही, या दंडकानेच.

१९६० मध्ये या शाखेने ‘स्टुडंट्स फॉर अ डेमोक्रॅटिक सोसायटी’ हे नाव घेतले. जून १९६२ मध्ये मिशिगनमधील पोर्ट ह्यूरॉन येथे, मोटार कामगार युनियनच्या शिबिराच्या जागेत, साठेक तरुण जमले. टॉम हेडन यांनी मसुदा केलेला जाहीरनामा तेथे संमत झाला. सामान्य माणसाला आपल्या आयुष्याविषयीच्या निर्णयांत प्रत्यक्ष भाग मिळावा, ही त्यातील मुख्य मागणी. परंतु कम्युनिस्टांच्या बाजूच्या एका तरुणाला निरीक्षक म्हणून बसू दिले आणि शीतयुद्धाचा दोष अमेरिकेवरही ठेवला, यावरून लीगचे मायकेल हॅरिंग्टन संतापले. लीगने तरुण पुढाऱ्यांना चौकशीला बोलावले, त्यांचे पगार थांबवले आणि कचेरीचे कुलूप बदलले. हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. खरोखरीचे कुलूप बदलले होते.

पुढे तडजोड झाली. हॅरिंग्टन यांनीही कालांतराने आपले चुकल्याचे मान्य केले. पण आमच्या मते मुलांच्या मनात तोवर एक समीकरण बसले होते : नियम म्हणजे वडिलांचे कुलूप. एप्रिल १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध त्यांनी वॉशिंग्टनला सुमारे वीस हजारांचा मोर्चा नेला. त्याच वर्षी त्यांनी घटनेतील कम्युनिस्टबंदीचे कलम काढले आणि लीगशी संबंध संपवला. १९६७ मध्ये अध्यक्ष व उपाध्यक्ष ही पदेही रद्द केली. १९६८ मधील सभासदसंख्येचे अंदाज एक लाखापर्यंत जातात; वर्गणी भरलेले त्याहून पुष्कळच कमी. म्हणजे सभासद कोण, याचाच पत्ता नाही.

अशा घरात १९६६ पासून चीनवादी प्रोग्रेसिव्ह लेबर पक्षाचे शिस्तबद्ध कार्यकर्ते शिरले. सभेला वेळेवर येणारा, शेवटपर्यंत बसणारा आणि ठरल्याप्रमाणे हात वर करणारा लहान गट हजारांच्या विस्कळीत सभेला भारी पडतो. ज्याने युनियनची एक तरी सर्वसाधारण सभा पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

जून १९६९ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात शेवट झाला. बर्नार्डिन डोर्न यांच्यामागे एक तट उठून शेजारच्या दालनात गेला. तेथे त्याने आपसांत मते घेऊन विरोधकांना काढून टाकले, आणि परत येऊन तसे जाहीर करून सभागृह सोडले. ज्यांना काढले, ते त्या मतदानाला नव्हतेच! मागे राहिलेल्यांनी आपले पदाधिकारी निवडले; एका नावाच्या दोन संघटना झाल्या. बाहेर पडलेला तटही पुन्हा फुटला. त्यातील वेदरमन गटाने बॉम्बचा मार्ग धरला, आणि ६ मार्च १९७० रोजी न्यूयॉर्कच्या एका घरात स्वतःच्याच बॉम्बने त्यांचे तिघे मेले. दोनच महिन्यांनी देशभरची महाविद्यालये युद्धाविरुद्ध संपावर गेली. लाखो मुले रस्त्यावर आली, आणि त्यांना एकत्र धरील अशी जी संघटना होती, ती तेव्हा उरली नव्हती. फाटाफुटीची खरी किंमत ही.

वडिलांनी कुलूप घातले, मुलांनी दारच काढून ठेवले. दोघांनीही उंबरठा कसा राखायचा याचा विचार केला नाही. म्हणून तरुणांची संघटना काढणाऱ्यांनी तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. पैसा कोणाचा, आणि त्या बदल्यात त्याचा अधिकार किती? सभासद कोण, आणि मत कोणाला? हरलेल्या बाजूला आत राहून पुढच्या सभेत पुन्हा उभे राहता येईल की नाही? पहिल्या दोहोंची उत्तरे घटनेत लिहिता येतात. तिसरीचे उत्तर जिंकलेल्यांच्या वागणुकीत द्यावे लागते, आणि तेही जिंकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.