मांड्या जवळ आणणारे स्नायू

खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांमध्ये मूठ धरू आणि ती गुडघ्यांनी दाबून पाहू. मांडीच्या आतल्या बाजूला बोटे ठेवली, तर तिथले स्नायू घट्ट झालेले जाणवतात. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे आणणारे स्नायू ते हेच. स्नायू ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून त्यांची जागा आतल्या बाजूला. प्रत्येक मांडीत असे पाच मुख्य स्नायू श्रोणीच्या हाडापासून निघतात. चार मांडीच्या हाडाला, तर पाचवा गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो.

पण बाजूला उचललेला पाय तर गुरुत्वाकर्षणानेही खाली येतो. मग यांची गरज काय? कबड्डीत चढाई करणारा खेळाडू पाय झटकन बाजूला लांबवतो, तेव्हा हे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावून पायाला आवर घालतात. अशा वेळी त्यांचे तंतू तुटून जांघेत कळ येऊ शकते. नॉर्वेतील पुरुष फुटबॉलपटूंवरील २०१९ सालच्या अभ्यासात, या स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला.

म्हणून जांघ दुखते म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सहन कर’ न सांगता आधी विश्रांती देऊ या. आणि खेळाच्या तासात या व्यायामालाही जागा देऊ या.