उसाचा पिवळेपणा : ऑक्सिडीकरण व क्षपण

माढा तालुक्यात उजनी येथे भीमा नदीवर बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले व कालव्याच्या पाण्यावर उसाची लागवड वाढली. या भागातील काळ्या जमिनींत पुष्कळ ठिकाणी चुनखडी असते. तेथे ऊस पिवळा पडला, की युरियाची मात्रा वाढविण्याकडे सामान्यतः कल असतो. परंतु पिवळेपणाची कारणे निरनिराळी असतात. त्यांपैकी दोन तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

त्यांचे मूळ तत्त्व सोपे आहे. नांगराचा फाळ ओलाव्यात राहिला म्हणजे गंजतो. तेव्हा लोखंडाचे अणू आपल्याजवळील इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म विद्युत्कण हवेतील ऑक्सिजनला देतात. इलेक्ट्रॉन देणे म्हणजे ऑक्सिडीकरण व घेणे म्हणजे क्षपण होय. देणारा असेल तेथे घेणारा असावाच लागतो. म्हणून या दोन्ही क्रिया नेहमी जोडीनेच घडतात.

पहिला पिवळेपणा कोवळ्या पानांवर दिसतो. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. यास शेतकरी केवडा म्हणतात. जमिनीत लोह असते, परंतु चुनखडीच्या हवेशीर जमिनीत फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन ते फेरिक बनते. फेरिक लोह अशा जमिनीत जवळजवळ विरघळत नाही व मुळांना अल्प मिळते. येथे युरिया देऊन उपयोग नाही. हेक्टरी २५ किलो हिराकस दहापट शेणखतात मिसळून, पाच-सहा दिवस मुरवून द्यावा. शेणखतातील सेंद्रिय द्रव्ये लोहास विद्राव्य स्थितीत धरून ठेवतात. फवारणीसाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालावा. हिराकस हिरवट असावा. द्रावण तांबूस झाले, तर त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण झाले असे समजावे. म्हणून द्रावण ताजेच वापरावे.

दुसरा पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होतो व बहुधा पाणी साचल्यानंतर दिसतो. युरियापासून अमोनिया होतो व हवेशीर जमिनीत जिवाणू त्याचे ऑक्सिडीकरण करून नायट्रेट बनवितात. पाणी साचले, की जमिनीतील हवा निघून जाते. मग काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटलाच इलेक्ट्रॉन देतात. या क्षपणाने नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन हवेत उडून जातो. खतासाठी खर्चिलेला पैसाही त्याबरोबर जातो. अशा शेतात प्रथम चर काढून पाण्याचा निचरा करावा, वाफसा आल्यावरच युरिया द्यावा व तो एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खताची शिफारस करण्यापूर्वी शेतात जाऊन दोन गोष्टी पाहाव्यात : कोणते पान आधी पिवळे पडले, आणि पाणी किती दिवस साचले होते. शंका राहिल्यास मातीची तपासणी करून घ्यावी.