भाग 17 : बर्फी अचानक लंगडायला लागली तेव्हा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तितके काढलेत, थोडे राहिले असतील, सांभाळून घ्या.

आजचा विषय कुत्र्यांचा आहे. त्यातही छोट्या कुत्र्यांचा, पाच-सहा किलोच्या. आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

ऑक्टोबर महिना, गावाकडे भातकापणी चालू. आमचं घर पोलादपूरच्या बाजूला, मी पुण्यात. संध्याकाळी सातला आईचा फोन आला, "बर्फी पाय टेकत नाहीये रे." बर्फी म्हणजे आमची पांढरी कुत्री. पॉमेरियन म्हणून आणली होती. खरं तर ती इंडियन स्पिट्झ आहे, आपल्याकडे ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात त्यातली बरीचशी तीच असतात. तर मी एका कॉलवर होतो, म्यूट करून आईला म्हणालो, "तिचं नेहमीचंच असेल. तुझ्या गुडघेदुखीची गोळी आहे ना, त्यातली अर्धी दे, सकाळी बघू." आई म्हणाली, "गोळ्या परवाच संपल्यात. बाबा महाडला गेले की आणतील."

हे गोळ्या संपल्याचं लक्षात ठेवा.

'नेहमीचंच' असं मी का म्हणालो? कारण बर्फीला मागच्या डाव्या पायाची जुनी खोड आहे. पळता पळता मध्येच तो पाय वर उचलते, तीन-चार पावलं दोरीवरच्या उड्या मारल्यासारखी जाते, पाय एकदा मागे ताणते आणि परत नॉर्मल. छोट्या जातींमध्ये हे इतकं कॉमन आहे की तुमच्या घरी असं कुत्रं असेल तर तुम्ही हे नक्की पाहिलं असणार. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाला असलेल्या एका खाचेतून वर-खाली सरकते. पॉमेरियन, चिवावा, यॉर्की, टॉय पूडल यांच्यात ती खाच बऱ्याचदा उथळ असते, किंवा पायाची ठेवण जरा वाकडी असते. मग वाटी खाचेतून निसटते, बहुतेक वेळा आतल्या बाजूला. ती निसटली की पाय सरळ होत नाही, म्हणून उचलून धरतात. पाय ताणला की वाटी जागेवर बसते आणि कुत्रं काही झालंच नाही अशा थाटात पुढे जातं.

डॉक्टर याच्या चार पायऱ्या करतात. पहिलीत हाताने ढकलली तरच वाटी निसटते आणि सोडली की परत जागेवर येते. चौथीत ती कायमची बाहेर असते, हाताने ढकलूनही बसत नाही. पहिल्या पायरीला बहुतेकदा वजन आटोक्यात ठेवणं आणि लक्ष ठेवणं एवढंच करतात. वरच्या पायऱ्यांना, किंवा कुत्रं सारखं लंगडत असेल तर, ऑपरेशन करून खाच खोल करतात आणि वाटीचा स्नायुबंध जिथे नडगीला चिकटतो ती जागा सरळ रेषेत आणतात. बर्फी दुसऱ्या पायरीवर आहे. वजनाच्या बाबतीत आई तिला चपातीचा तुकडा टाकल्याशिवाय राहत नाही, तो वेगळा लढा आहे.

आता आमच्या धंद्यात याला 'इंटरमिटंट बग' म्हणतात. घरी येतो, डॉक्टरांच्या टेबलावर येत नाही. तिथे कुत्रं चारही पायांवर उभं राहून शेपटी हलवतं आणि आपण वेड्यासारखे "नाही हो, खरंच लंगडत होती" म्हणत बसतो. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा. कुत्रं कॅमेऱ्याकडे चालत येताना, लांब जाताना आणि बाजूने, असे तीन तुकडे, प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद. आमच्याकडचे गुरांचे दवाखाने मुळात गाई-म्हशींसाठी उभे राहिलेत. हाडांच्या ऑपरेशनसाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नाहीतर मुंबईत परळला जावं लागतं. शिरवळला जायचं तर वरंध घाट, आणि तो पावसाळ्यात कधी बंद होईल सांगता येत नाही. तेव्हा घर सोडायच्या आधी डॉक्टरांना व्हिडिओ पाठवता आला तर अर्धी फेरी वाचते.

व्हिडिओत काय बघायचं? पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीला लागताना डोकं वर जातं. चांगला पाय टेकताना डोकं खाली येतं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा उचलला जातो. हे एकदा कळलं की लांबूनही कुठला पाय ते सांगता येतं.

आणि कुठला पाय यावर पुढचं बरंच ठरतं. मागचा पाय, कुत्रं सात-आठ महिन्यांचं, लंगडणं आठवडाभरात वाढत चाललंय आणि मांडी बारीक होतेय, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो झिजत असू शकतो. हा पर्थीस नावाचा आजार, लहान मुलांनाही होतो. मध्यमवयीन, गुबगुबीत कुत्रं पळताना केकाटलं आणि आता बोटांची फक्त टोकं टेकवतंय, तर गुडघ्यातला लिगामेंट तुटलेला असू शकतो. पुढचा पाय, आणि कुत्रं नुकतंच कुणाच्या हातातून किंवा सोफ्यावरून खाली पडलंय, तर हाड मोडलंय असं समजूनच चाला. टॉय जातींची पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीएवढी असतात, मनगटाजवळ त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. तिथे नुसत्या प्लास्टरने हाड जुळत नाही असं बऱ्याचदा होतं, प्लेट बसवावी लागते. घरी पाय सरळ करायला जाऊ नका. भाजीच्या क्रेटमध्ये चादर घालून त्यात झोपवा आणि निघा.

डॅशहाऊंडवाल्यांसाठी एक गोष्ट. तुमचं कुत्रं लंगडत नसून मागचे पाय ओढत असेल, पंजा उलटा पडत असेल, तर दुखणं पायात नाही, मणक्यात आहे. तिथे तासांचा हिशेब असतो.

पावसाळ्यात आणि नंतर गोचिडांचंही बघा. आज हा पाय, दोन दिवसांनी तो, सोबत ताप, खाणं कमी. गोचिडांच्या तापात सांधे असे आलटून पालटून दुखतात. तिथे एक्स-रेपेक्षा रक्ततपासणी आधी लागते.

बरं, आता परत त्या संध्याकाळी.

आईने फोन ठेवला. मी कॉलवर परत गेलो. पाचेक मिनिटांनी माझ्या डोक्यात आलं की मी तिला कुठला पाय ते विचारलंच नाही. परत फोन लावला. "पुढचा उजवा," आई म्हणाली. "सुजलाय. पंजातून रक्ताचा थेंब येतोय, पुसलं तरी परत येतोय. काटा बघतेय, पण सापडत नाही." शेजारच्या काकू तोवर बॅटरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, कुठे होती ही? बर्फी गडग्यापाशी हुंगत होती. काकू म्हणाल्या, "काटा नव्हे, फुरसं असंल. उचला तिला."

कोकणात राहणाऱ्याला फुरशाची ओळख करून द्यायला नको. फूट-दीड फुटाचा साप, गडग्यात, दगडांच्या आणि लाकडांच्या राशीत, पाचोळ्यात, आणि फिरतो अंधार पडल्यावर. त्याचं विष रक्ताची गोठण्याची ताकद काढून घेतं. चावा पंजाला किंवा नाकाला होतो, कारण कुत्रं त्याच दोन गोष्टी पुढे करतं. पहिलं लक्षण कित्येकदा एवढंच, कुत्रं अचानक लंगडतंय. मग सूज वर चढते, जखमेतून रक्त झिरपत राहतं, हिरड्यांतून येऊ शकतं. साप माणूस बघून विष कमी-जास्त करत नाही, त्यामुळे पाच किलोच्या जिवाला तेच विष कितीतरी पटीने भारी पडतं.

बाबांनी तिला टोपलीत घातली आणि गाडीने महाडला नेली. पाय आवळून बांधला नाही, चिरा दिला नाही, हे काकूंमुळे. डॉक्टरांना आधी फोन केला होता. त्यांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि घड्याळ लावून वीस मिनिटं तसंच ठेवलं. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. इतकी साधी टेस्ट. काही मशीन नाही. माणसांतही सर्पदंशाला हीच करतात. मग प्रतिसर्पविष सुरू केलं, आपल्याकडे माणसांना देतात तेच, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं. विंचूही असू शकतो, असं बाबा मध्येच म्हणाले होते, आणि ते चूक नव्हतं. आमच्या भागात लाल विंचू आहेच. त्याच्या दंशावर प्राझोसिन वापरायचं संशोधन महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांचं, त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. पण विंचवाने रक्त असं पातळ होत नाही.

आता त्या गोळीकडे. आईची गोळी म्हणजे आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचं कामही मंदावतं. पॅरासिटामॉल लिव्हरला मारतं. बरं असलेल्या कुत्र्यालाही हे देऊ नये. ज्याचं रक्त आधीच गोठत नाही त्याला ते दिलं असतं तर काय, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नाही दिलंत ना? मग सोडा." डायक्लोफिनॅकही नाही. ते गुरांना द्यायलाही 2006 पासून बंदी आहे, ती गिधाडांमुळे, पण कुत्र्यांनाही ते सोसत नाही. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी असतात आणि डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनीच सांगायचा.

म्हणजे त्या दिवशी माझा सल्ला पाळला गेला नाही, तो फक्त डबा रिकामा होता म्हणून.

बर्फी चार दिवसांनी घरी आली. पंजावरची कातडी थोडी सडली होती, महिनाभर ड्रेसिंग चाललं. तिथे आता रुपयाएवढ्या जागेत केस नाहीत. मागच्या पायाच्या उड्या तशाच चालू आहेत. बाबांनी घराजवळचा गडगा उतरवून दगड लांब नेऊन टाकले, आणि दिवाळीला घरी गेलो तेव्हा पाहिलं, आईने गोळ्यांच्या डब्यावर पांढरी चिकटपट्टी लावून पेनने लिहिलंय : बर्फीला नाही.