चातकाच्या पिल्लाला आफ्रिकेचा रस्ता कोण सांगतं?

जून सरत आला की दिल्लीवर ढग जमू लागतात आणि रिज टेकड्यांच्या झाडीतून चातकाची हाक ऐकू येते. दिल्लीकरांसाठी ती पावसाची वर्दी. पण या पक्ष्याची खरी कमाल पावसाळ्यानंतर घडते.

चातक स्वतःचं घरटं बांधत नाही. सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो आणि मोकळा होतो. सातभाई पक्के स्थानिक, आपली झाडी सोडून फार लांब न जाणारे. परक्याचं पिल्लू ते किडे भरवून वाढवतात. उत्तर भारतातले चातक हिवाळ्यात आफ्रिकेत असतात, असं पक्षितज्ज्ञ मानतात. म्हणजे ज्याने जन्मदात्यांचं तोंड पाहिलं नाही, ज्याला वाढवणाऱ्यांनी कधी शहराची वेस ओलांडली नाही, ते पोर पहिल्याच वर्षी अरबी समुद्रापलीकडे निघतं. शिकवायला कुणीच नाही. मग रस्ता आला कुठून? एकच जागा उरते : रक्त, म्हणजेच जनुकं. हा मार्ग नेमका कळावा म्हणून डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० मध्ये दोन चातकांवर उपग्रहाला संदेश पाठवणारी चिमुकली यंत्रं बसवली.

रात्रभर जागणारे भारीट

रस्त्यासारखीच निघायची वेळही आतूनच ठरते. जनुकांमधलं हे घड्याळ कसं चालतं, यावर खुद्द दिल्ली विद्यापीठात मोठं काम झालं आहे. प्राणिशास्त्र विभागातले प्रा. विनोद कुमार आणि त्यांचे सहकारी यांचे आवडते पक्षी म्हणजे काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा भारीट. महाराष्ट्रात ज्वारीच्या शेतावर पिवळेधमक थवे उतरतात ना, तेच हे. बहुतेक पाहुणे उत्तरेकडून येतात, पण काळ्या डोक्याचा भारीट पश्चिमेकडून येतो. त्याचं माहेर पश्चिम आशिया आणि आग्नेय युरोप.

या पक्ष्यांना बंद खोलीत ठेवा आणि रोज आठच तास उजेड द्या. ते शांत राहतात. आता उजेडाचे तास वाढवा. काही दिवसांत खाणं वाढतं, अंगावर चरबी चढते, वजन वर जातं. आणि एरवी दिवसा वावरणारा हा पक्षी रात्री पिंजऱ्यात उड्या मारू लागतो, पंख फडफडवतो. त्याला आभाळ दिसत नाही, ऋतू कळत नाही. फक्त दिवस लांबला, एवढीच खबर त्याच्या मेंदूला मिळते आणि प्रवासाची तगमग सुरू होते. या काळात यकृत आणि स्नायूंमधल्या जनुकांची दिवसरात्रीची लयही बदलते, कारण भारीट रात्रीच उडतो आणि इंधन रात्री लागतं.

ही तगमग मोजायची युक्ती भारी आहे. अमेरिकेतल्या एम्लेन पितापुत्रांनी १९६६ मध्ये नरसाळ्याच्या आकाराचा पिंजरा वापरला. तळाला शाईचा पॅड, भिंतीला टिपकागद. पक्षी ज्या दिशेला झेपावेल तिकडे त्याच्या पायांचे ठसे जास्त उमटतात. सकाळी कागद उलगडायचा, दिशा वाचायची.

आई नैऋत्येची, बाप आग्नेयेचा

असाच पिंजरा जर्मनीत ब्लॅककॅप नावाच्या छोट्या वटवट्यांसाठी वापरला गेला. पश्चिम जर्मनीतले ब्लॅककॅप हिवाळ्यासाठी नैऋत्येला जातात, पूर्व ऑस्ट्रियातले आग्नेयेला. पक्षिशास्त्रज्ञ आंद्रेआस हेल्बिग यांनी त्यांचा संकर केला. १९९१ मध्ये निकाल जाहीर झाला : पिल्लांनी बरोबर मधली दिशा धरली, दक्षिण! दिशासुद्धा वारशाने मिळते, याचा याहून सरळ पुरावा मला तरी माहीत नाही.

पीटर बर्थोल्ड यांनी आणखी पुढची मजल मारली. ब्लॅककॅपच्या ज्या वस्तीत काही पक्षी स्थलांतर करतात आणि काही घरीच राहतात, त्यातून त्यांनी एकीकडे फक्त प्रवासी आणि दुसरीकडे फक्त घरकोंबडे निवडून जोड्या लावल्या. तीन ते सहा पिढ्यांत दोन्ही घराणी वेगळी झाली. उत्क्रांती म्हटलं की लाखो वर्षं डोळ्यांसमोर येतात. इथे तिने एका माणसाच्या कारकिर्दीतच दिशा पालटली.

ससाण्याची स्मरणशक्ती

हिवाळ्यात दिल्लीच्या पाणथळींवर बदकांचे थवे एकदम उधळले तर वर पाहा. बहिरी ससाणा असू शकतो, आणि त्यातले काही थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून आलेले असतात. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात अशा ५६ ससाण्यांचा उपग्रहाने माग काढला होता आणि ३५ जणांचा संपूर्ण जनुकसंच वाचला होता. लांबचा पल्ला मारणाऱ्यांमध्ये एडीसीवाय-८ या जनुकाचा एक खास प्रकार जास्त आढळला. या जनुकाचा संबंध दीर्घकालीन स्मरणशक्तीशी आहे. एकच जनुक सगळा प्रवास ठरवतं असं मात्र कुणी समजू नये. ते अनेकांचं काम असतं.

गुरुग्रामजवळच्या सुलतानपूरला येणारा पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. ७,२९० मीटर उंचीवर त्याची नोंद झाली आहे. त्याच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत ११९ क्रमांकावर प्रोलीनऐवजी अ‍ॅलनीन आहे. एवढ्याशा फरकाने रक्त विरळ हवेतूनही जास्त प्राणवायू पकडून ठेवतं.

जे रक्तात नसतं

एवढं सगळं वाचून वाटेल, की प्रत्येक पक्षी नकाशा घेऊनच अंड्यातून बाहेर येतो. तसं नाही. क्रौंचांची पिल्लं पहिला प्रवास आईबापांच्या मागे उडत करतात. कुठे उतरायचं, कुठून वळायचं, हे थोरल्यांकडून शिकतात.

भरतपूर जिल्हा २०१३ पासून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तिथल्या केवलादेव उद्यानात १९६४-६५ च्या हिवाळ्यात सुमारे २०० सायबेरियन क्रौंच उतरले होते. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने सतराव्या शतकातच या शुभ्र पक्ष्याचं चित्र काढलं होतं. युरोपीय शास्त्रज्ञांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते दीडशे वर्षांनी. पण अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या वाटेवर शिकार होत राहिली आणि थवा आटत गेला. २००२ मध्ये शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरला एकही नाही.

ब्लॅककॅप काही पिढ्यांत नवी दिशा धरू शकतो. क्रौंचांचं तसं नसतं. वाट माहीत असलेले शेवटचे म्हातारे पक्षी गेले, की त्यांच्याबरोबर वाटही जाते. अमेरिकेत २००१ पासून हूपिंग क्रौंचांच्या पिल्लांना हलक्या विमानामागे उडवत विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला न्यावं लागलं, ते याच कारणाने. वाट टिकायची तर उतरायची जागाही टिकायला हवी. म्हणून मला सुलतानपूरच्या झिलेची गोष्ट फार मोलाची वाटते. पत्रकार आणि पक्षिनिरीक्षक पीटर जॅक्सन यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहिलं आणि ती झील अभयारण्य म्हणून वाचली. २०२१ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसर दर्जाही मिळाला.

जाता जाता यमुना घाटाविषयी. थंडीत तिथे नावेभोवती घिरट्या घालणाऱ्या कुरवांना सगळे सरसकट ‘सायबेरियन पक्षी’ म्हणतात. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव मात्र तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांवर जन्मलेले असतात. नावेत विकायला असलेली शेव त्यांच्यासाठी घेऊ नका. मासे, किडे खाणाऱ्या या पक्ष्यांना फेब्रुवारी-मार्चनंतर परतीचा डोंगर चढायचा असतो आणि तळलेल्या बेसनावर तो चढता येत नाही. दुर्बीण घ्या, गरम कपडे घाला आणि पाहुण्यांना त्यांचं जेवण त्यांनाच शोधू द्या.