जुन्या मोटारसायकलचा कार्बुरेटर

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर बहुतेक नाहींसा झाला. जुन्या गाड्या मात्र अद्याप त्याच्याच भरंवशावर चालतात. गाडी अडखळूं लागली, कीं आपण प्रथम त्याचे स्क्रू फिरवितों. ती चूक होय.

इंजिन थंड झाल्यावर, पेट्रोलचा कॉक बंद करून, कार्बुरेटरच्या तळच्या वाटींतलें पेट्रोल विस्तवापासून दूर काचेच्या भांड्यांत काढावें. त्यांत पाणी वा गंज आढळल्यास मूळ दोष बहुधा टाकींत आहे. नंतर स्पार्क प्लग पाहावा. तो काजळीनें काळा असेल, तर पेट्रोल अधिक किंवा हवा कमी. एअर फिल्टर व चोक तपासावेत. पांढराफटक असेल, तर पेट्रोल कमी. जेटचें छिद्र तुंबलें असावें किंवा जोडांतून हवा शिरत असावी. याची हयगय करूं नये. इंजिन अति तापून पिस्टन जळूं शकतो. जेट हवेच्या झोतानें साफ करावा, तारेनें टोचूं नये. छिद्र किंचित् रुंदावलें तरी पेट्रोलचें माप कायमचें बिघडतें.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेतें; म्हणून गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास ती वाटी रिकामी करावी. स्क्रूला हात सर्वांत शेवटीं लावावा.